कुठले आम्ल? कुठले कॅल्शिअम?

कर्करोगाचे निदान झालेल्या घरात औषधांच्या आधी सल्ले पोहोचतात. ‘शरीर आम्लधर्मी झाले की हा रोग होतो, म्हणून रोज सकाळी लिंबू आणि खायचा सोडा घ्या.’ ‘क जीवनसत्त्व भरपूर घ्या, त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात.’ सल्ला देणारा थोडाफार वाचणारा असेल तर तो पुढे सांगतो, ‘आम्लता आणि क जीवनसत्त्व या दोन्हींचा पेशीतल्या कॅल्शिअमच्या संदेशांवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे.’ मग ऐकणाऱ्याचा विरोध मावळतो. ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले’ म्हटल्यावर आणखी काय बोलायचे?

असा प्रश्न गावात पडला की तो पुष्कळदा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकापर्यंत येतो. वसई-विरारच्या पट्ट्यातून लोकलने दादर किंवा प्रभादेवी गाठून परळच्या टाटा रुग्णालयात फेऱ्या घालणाऱ्या कुटुंबाला प्रवास, रजा, पैसा आणि भीती या सगळ्यांचा भार असतो. त्यात ‘इलाज स्वयंपाकघरातच आहे’ असे कुणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या विश्वासापायी उपचार दोन-तीन महिने लांबले, तर बरा होण्याजोगा रोग हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून या दाव्याची नीट तपासणी करावी असे आम्हाला वाटते.

हा दावा सरळसरळ खोटा असता तर तपासणी सोपी होती. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा आहे. अडचण अशी की एका ठिकाणी खरी असलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवली आहे. पेशीच्या बाहेरचे आम्ल रक्तात, काचेच्या बशीतले क जीवनसत्त्व ताटात आणि पेशीतले कॅल्शिअम गोळ्यांच्या बाटलीत. म्हणून प्रत्येक वाक्याला आपण एकच प्रश्न विचारू : हे कुठे खरे आहे?

आम्ल : पेशीच्या आत की बाहेर?

या कथेत ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव हमखास येते. ‘आम्लतेमुळे कर्करोग होतो हे शोधल्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले’ असे सांगितले जाते. वारबुर्ग यांना नोबेल मिळाले ते १९३१ साली, श्वसनातील विकराचे स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. कर्करोगाविषयीचे त्यांचे निरीक्षण १९२० च्या दशकातले आणि वेगळे आहे. गाठीतल्या पेशी पुरेसा ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना दिसले. म्हणजे आम्ल ही गाठीची निर्मिती आहे. धूर दिसतो म्हणून धुरामुळे आग लागली असे आपण म्हणत नाही.

हे आम्ल पेशी स्वतःजवळ ठेवत नाही. तिच्या पटलावरचे पंप ते बाहेर फेकतात. आम्लता मोजण्याच्या पट्टीला आपण सामू म्हणतो. निरोगी ऊतीत पेशीबाहेरच्या द्रवाचा सामू सुमारे ७.४ आणि आतला ७.२ च्या आसपास असतो. अनेक घट्ट गाठींत पेशीबाहेरचा सामू ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, आतला मात्र ७.२ किंवा त्याहून थोडा जास्तच राहतो. सामूची पट्टी दहाच्या पटींची असल्याने ७.४ वरून ६.७ वर येणे म्हणजे हायड्रोजन आयन पाचपट होणे. म्हणजे ‘कर्करोगाची पेशी आम्लधर्मी असते’ हे वाक्य पेशीच्या अंगणाला लागू पडते, घराला नाही.

आता रक्ताकडे पाहू. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. रक्तातले बायकार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणारी फुप्फुसे आणि जादा आम्ल किंवा जादा बायकार्बोनेट गाळणारी मूत्रपिंडे ही राखण अहोरात्र करतात. लिंबाचा रस पोटात जातो तेव्हा तिथे त्याहून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असतेच. सोडा गेला तर त्याचा काही भाग तिथेच आम्लाशी विरतो, वायू होतो आणि ढेकर येते. उरलेले बायकार्बोनेट मूत्रावाटे जाते. म्हणूनच सोडा घेतल्यावर लघवीत बुडवलेली सामूची पट्टी रंग बदलते आणि ‘शरीर अल्कधर्मी झाले’ असा समज होतो. वास्तविक तो रंग सांगतो की मूत्रपिंडांनी जादा बायकार्बोनेट बाहेर काढून रक्त होते तसेच ठेवले.

या बाजूनेही एक पुरावा आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना पिण्याच्या पाण्यातून बायकार्बोनेट दिले. त्यांच्या गाठींभोवतीची आम्लता कमी झाली आणि स्तनाच्या कर्करोगाचा इतर अवयवांत होणारा फैलावही घटला. मूळ गाठीची वाढ मात्र थांबली नाही. गाठीबाहेरचे आम्ल फैलावाला मदत करते ही कल्पना त्यामुळे बळकट झाली. पण उंदराला दिलेली मात्रा त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड होती. माणसाने तितका सोडा रोज पिणे दुष्कर आहे. मूत्रपिंड दुबळे असलेल्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला तर ते धोक्याचेही आहे.

‘अल्कधर्मी ते चांगले’ या समजुतीला खुद्द मुंबईत झालेले संशोधन उत्तर देते. वसई-आगाशीच्या वाड्यांतून केळीबरोबर पानवेलही पिकत आली. पानाला लावायचा चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. तो चांगलाच अल्कधर्मी आहे आणि त्यात कॅल्शिअमही आहे. वरच्या सल्ल्याप्रमाणे चुना खाणाऱ्याचे तोंड कर्करोगापासून सुरक्षित असायला हवे होते. टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवताना ‘खैनी’च्या कर्करोगाचे वर्णन केले. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागे जिथे धरतात, नेमका तिथेच रोग दिसत होता. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते. चुन्याच्या अल्कधर्मी माध्यमात सुपारीतल्या द्रव्यांपासून ऑक्सिजनची उपद्रवी रूपे तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवले. एकट्या चुन्यावर हा आरोप नाही. पण अल्कधर्म हे कवच नव्हे, एवढे यातून पुरेसे स्पष्ट होते.

कॅल्शिअम : बांधाची उघाडी

कॅल्शिअम म्हटले की विद्यार्थी हाडे आणि दात सांगतात. त्याचे दुसरे काम सापडण्याची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. लंडनचे सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात चालते ठेवत असत. एकदा साहाय्यकाने शुद्ध पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले, तेव्हा हृदय उत्तम चालले. शुद्ध पाणी वापरल्यावर ते मंदावले. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शिअमचा हा गुण रिंगर यांनी १८८३ साली प्रसिद्ध केला.

पेशीबाहेर मोकळ्या कॅल्शिअम आयनांचे प्रमाण लिटरला एक मिलिमोलपेक्षा थोडे अधिक असते. शांत पेशीच्या आत ते त्याच्या सुमारे दहा हजारांश असते. खाडीकाठच्या खाजणाची आठवण करा. भरतीचे पाणी बांधाबाहेर उंच उभे असते, आत शेत कोरडे असते आणि मध्ये उघाडी असते. उघाडी थोडी सरकवली की पाणी आत धावते. पेशीपटलावर अशा अनेक उघाड्या आहेत, त्यांना आपण वाहिन्या म्हणू. शिवाय पेशीच्या आतही कॅल्शिअमची कोठारे आहेत. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हा रेणू कोठाराचे दार उघडतो, हे १९८३ साली समजले. आत आलेले कॅल्शिअम पंप लगेच बाहेर किंवा कोठारात फेकतात. त्यामुळे कॅल्शिअमची छोटी उसळी येते आणि ओसरते. ही उसळी म्हणजे संदेश. तिच्यावर स्नायूचे आकुंचन, ग्रंथींचा स्राव आणि पेशीचे विभाजनही अवलंबून असते. पाणी ओसरलेच नाही तर शेत बुडते. तसेच कॅल्शिअम दीर्घकाळ भरून राहिले तर पेशी मरते.

म्हणून ‘कॅल्शिअम वाढले की कर्करोगाची पेशी वाढते’ आणि ‘कॅल्शिअम वाढले की ती मरते’ ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. किती वाढले, किती वेळ आणि पेशीच्या कुठल्या कोपऱ्यात, यावर उत्तर ठरते.

आता आम्लाचा आणि या उघाड्यांचा संबंध. काही पेशींच्या पटलावर हायड्रोजन आयन ओळखणारी प्रथिने असतात. त्यांतले ओजीआर-१ हे २००३ साली नीट ओळखले गेले. बाहेरची आम्लता वाढली की ते जागे होते आणि आतल्या कोठारातून कॅल्शिअम सुटते. म्हणजे आम्लाने कॅल्शिअम वाढले. ट्रिप-एम-२ नावाची दुसरी वाहिनी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या माऱ्याने उघडते आणि बाहेरचे कॅल्शिअम आत येते. पण बाहेरचे आम्ल याच वाहिनीला बंद करते. म्हणजे आम्लाने कॅल्शिअम घटले. क जीवनसत्त्वाचेही तसेच. चेतापेशींतली टी-प्रकारची एक कॅल्शिअमवाहिनी ते धातूच्या सूक्ष्म अंशाच्या मदतीने मंदावते, असे २००७ साली दिसले. उलट क जीवनसत्त्वापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झाले, तर ट्रिप-एम-२ सारखे दार उघडू शकते. एकाच पेशीत ही सारी दारे सारख्या संख्येने नसतात. तेव्हा ‘आम्लता आणि क जीवनसत्त्व यांचा कॅल्शिअमच्या संदेशांवर परिणाम होतो’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्यातून ‘म्हणून अमुक प्या’ असे काहीच निघत नाही. परिणाम कोणत्या दिशेने, हेच त्या वाक्यात नाही.

कॅल्शिअमच्या गोळ्यांचा तर या संदेशाशी संबंधच जोडता येत नाही. रक्तातले कॅल्शिअम शरीर स्वतः नियंत्रित करते आणि पेशीचा संदेश ठरतो तो उघाड्यांमुळे. काही कर्करोगांत रक्तातले कॅल्शिअम आधीच धोकादायक पातळीला गेलेले असते. तिथे डॉक्टरांना न विचारता घेतलेली गोळी अपाय करील.

रक्ताच्या बाबतीत मात्र आम्लता आणि कॅल्शिअम यांचा एक पक्का संबंध आहे. रक्तातले बरेच कॅल्शिअम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असते. त्याच जागांसाठी हायड्रोजन आयनही स्पर्धा करतात. रक्त अधिक अल्कधर्मी झाले की हायड्रोजन आयन जागा सोडतात, तिथे कॅल्शिअम बसते आणि मोकळे कॅल्शिअम कमी होते. घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, त्यामागे मुख्यतः हेच कारण असते. रक्त ‘अल्कधर्मी’ करण्यात कुणी यशस्वी झालाच, तर त्याला मिळेल ते हे.

क जीवनसत्त्व : बशीत आणि ताटात

आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली जो पदार्थ वेगळा काढला, तो क जीवनसत्त्वच असल्याचे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. १९३७ साली त्यांना नोबेल मिळाले. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात. माणसाला ते आहारातून घ्यावे लागते, कारण ते बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारे विकर आपल्याकडे नाही. रोजची गरज काही दशक मिलिग्रॅमची आहे. एक पेरू किंवा एखादा आवळा ती भागवतो. इथवर वाद नाही.

काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात टाकले की अनेकदा त्या मरतात, हेही खरे आहे. पण त्यांना मारते कोण? २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हिन यांच्या गटाने दाखवले की बशीतल्या द्रवात क जीवनसत्त्वापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते फोडणारे कॅटालेज हे विकर टाकले की पेशी वाचतात. म्हणजे मारेकरी पेरॉक्साइड आहे, क जीवनसत्त्व त्याचा पुरवठादार. आपल्या रक्तात मात्र तांबड्या पेशी कॅटालेज भरून फिरत असतात. त्या पेरॉक्साइडला फार वेळ टिकू देत नाहीत. बशीत तांबड्या पेशी नसतात.

दुसरा फरक प्रमाणाचा. तोंडाने कितीही क जीवनसत्त्व घेतले तरी आतडे ठरावीक मर्यादेपर्यंतच शोषते आणि जादा मूत्रपिंड टाकून देते. लेव्हिन यांच्याच गटाने २००४ मध्ये मांडल्याप्रमाणे रक्तातली पातळी लिटरला सुमारे ०.२ मिलिमोलच्या वर जात नाही. शिरेतून दिले तर ती पन्नास पटींहून जास्त चढते. बशीत पेशी मारायला लागते ती ही दुसरी पातळी. रुग्णांवरच्या एका चाचणीत एका वेळी ७५ ग्रॅम क जीवनसत्त्व शिरेतून दिले गेले. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात सुमारे ५० मिलिग्रॅम धरले, तर ७५ ग्रॅमसाठी दीडशे किलो रस लागेल. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅम धरले, तर साडेसदतीस किलो पेरू. आणि एवढे खाऊनही आतड्याची मर्यादा तीच. हा हिशोब आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल.

‘लिंबू आणि सोडा’ या जोडीत आणखी एक विसंगती आहे. क जीवनसत्त्व आम्लात टिकते आणि अल्कधर्मी द्रावणात लवकर नष्ट होते. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालू नये, असे गृहविज्ञानात शिकवतात ते यासाठीच. एका हाताने क जीवनसत्त्व घालायचे आणि दुसऱ्या हाताने ते घालवायचे, असा हा इलाज आहे.

मोजपट्टीच बदलली तर?

बशीतल्या प्रयोगांना आम्ही कमी लेखत नाही. परळला १९५२ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, तेव्हापासून आपल्याकडेही या बशीने पुष्कळ शिकवले आहे. पण बशीला प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

पेशीतले कॅल्शिअम डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवायला चमकणारे दर्शक वापरतात. फ्युरा-२ हा प्रसिद्ध दर्शक रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडला. कॅल्शिअमला पकडण्याची अशा दर्शकांची क्षमता सामूप्रमाणे बदलते. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनापासून बनवलेले नंतरचे अनेक दर्शक तर आम्लात मंद होतात. म्हणजे आम्लता वाढवून कॅल्शिअम मोजताना कॅल्शिअम बदलले की मोजपट्टी, हे आधी तपासावे लागते. शिवाय क जीवनसत्त्व हे स्वतःच ॲस्कॉर्बिक आम्ल आहे. ते तसेच टाकले तर सामूही उतरतो. मग परिणाम जीवनसत्त्वाचा की आम्लाचा? म्हणून काळजीपूर्वक काम करणारे त्याचा सोडिअम क्षार वापरतात किंवा द्रावण आधी उदासीन करून घेतात.

हा सापळा शाळेत दाखवता येतो. भाताच्या पेजेचे पाणी गाळून चांगले पातळ करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा रंग येईल. एका परीक्षानळीत आवळ्याचा रस थेंबथेंब घाला. रंग जाईल. विद्यार्थी म्हणतील, क जीवनसत्त्वाने रंग घालवला, आणि ते बरोबर आहे. दुसऱ्या नळीत चुन्याची निवळी घाला. हिच्यात क जीवनसत्त्व अजिबात नाही, तरी रंग जाईल, कारण अल्कधर्मी द्रावणात आयोडीनचेच रूपांतर होते. आता त्याच नळीत पांढरा व्हिनेगर पुरेसा घाला, रंग परत येईल. तिसरी नळी गरम करा. काहीही न घालता रंग जाईल आणि नळी गार झाल्यावर पुन्हा दिसू लागेल. निवळी डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती शिक्षकांनीच हाताळावी आणि प्रयोगातले काहीही तोंडात घालू नये. तिन्ही नळ्यांत निरीक्षण एकच : रंग गेला. कारणे तीन. ‘रंग गेला म्हणजे क जीवनसत्त्व आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण थांबवतो, तसेच ‘चमक वाढली म्हणजे कॅल्शिअम वाढले’ असे लिहिणाऱ्यालाही थांबवायला हवे.

तेव्हा अशा प्रयोगाची बातमी वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात. द्रावणाचा सामू सारखा राखला होता का? कॅटालेज टाकून पाहिले का? दर्शक त्या सामूला तपासून घेतला होता का? शेजारी निरोगी पेशींची बशी होती का? आणि वापरलेले प्रमाण माणसाच्या रक्तात गाठता येते का? वृत्तपत्रांतल्या बातम्यांवर आमचा मुख्य आक्षेप असा की ‘शास्त्रज्ञांना आढळले’ या दोन शब्दांत त्या हे पाचही प्रश्न गिळतात.

रुग्णांवर काय दिसले?

स्कॉटलंडच्या व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयातले शल्यचिकित्सक एवान कॅमरून आणि दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शेवटच्या अवस्थेतल्या १०० रुग्णांना रोज १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते, सुरुवातीला शिरेतून आणि मग तोंडाने. त्यांची तुलना जुन्या नोंदींतल्या १००० रुग्णांशी केली. क जीवनसत्त्व घेणारे चौपटीहून अधिक काळ जगले, असा निष्कर्ष निघाला. आकडे प्रभावी होते, पण तुलनेचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने पाडलेले नव्हते. कोणत्या दिवशी रुग्ण ‘उपचारापलीकडे’ धरला, हा दिवस दोन्ही गटांत एकाच पद्धतीने ठरला होता याची खात्री नव्हती. जगण्याचे दिवस तर त्या दिवसापासून मोजायचे होते.

मग अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने रुग्ण यदृच्छेने विभागून दोन चाचण्या घेतल्या. त्या १९७९ आणि १९८५ साली प्रसिद्ध झाल्या. फायदा दिसला नाही. पॉलिंग शेवटपर्यंत या चाचण्यांवर नाराज होते आणि त्यांच्या बाजूचा एक मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला, जरी तो तेव्हा कुणाच्या नीट लक्षात आला नव्हता : मेयोमध्ये सगळे क जीवनसत्त्व तोंडानेच दिले होते. तोंडाने आणि शिरेतून यांतला फरक २००४ नंतर कळल्यावर प्रश्न पुन्हा उघडला गेला. विज्ञानात ‘नाही’ हे उत्तरसुद्धा ‘कुठे आणि कसे’ यासकट वाचावे लागते.

२०२२ साली चीनमधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याचा पसरलेला कर्करोग असलेल्या ४४२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिले. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच निघाला. उलट २०२४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची छोटी चाचणी आली. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाचे ३४ रुग्ण होते. औषधांबरोबर शिरेतून क जीवनसत्त्व घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक १६ महिने होता आणि नुसती औषधे घेतलेल्यांचा ८.३ महिने. ही आशा आहे, पण ३४ रुग्णांची. मोठ्या चाचणीत ती टिकते का हे पाहावे लागेल. दोन्हीकडे क जीवनसत्त्व औषधांबरोबर दिले होते, औषधांऐवजी नव्हे. मोठ्या मात्रेचे धोकेही आहेत. मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे होऊ शकतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता आपल्याकडे काही समाजगटांत आढळते.

वर्गात काय सांगावे?

आम्ल-आम्लारीचा धडा शिकवताना लिटमस तांबडा, लिटमस निळा एवढ्यावर थांबले की मुलांच्या मनात आम्ल वाईट आणि अल्क चांगला अशी जोडी तयार होते. तिथेच पोटातले आम्ल, रक्ताचा सामू आणि तोंडातला चुना ही तीन ठिकाणे शेजारी शेजारी मांडावीत. एकच पदार्थ जागेप्रमाणे वेगळे वागतो, हे मुलांना पटले की पुढच्या दाव्यांना ती स्वतःच प्रश्न विचारतील.

आणि कुणी पालक विचारायला आले, ‘सर, लिंबू-सोडा द्यावा का?’ किंवा ‘बाई, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू करू का?’ तर उत्तर हसून टाळू नये. आंबट फळाने रुग्णाच्या तोंडाला चव येत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर द्यावे, ते अन्न आहे. सोडा आणि मोठ्या मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत. शिरेतून क जीवनसत्त्व कुणी सुचवले, तर ते मूळ उपचारांबरोबर की त्यांच्याऐवजी, हे आधी विचारावे. ‘त्यांच्याऐवजी’ असे उत्तर आले तर तिथून उठावे. रुग्णालयाची पुढची तारीख मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नये.